सामाईक कप्पा

चंद्रपूरचं स्मृतिकेंद्र रिकामं करायचं, हा निरोप आला तेव्हा तिथं काम करणारी सानिका उरकुडे डबा उघडून जेवायला बसली होती. फोनवर मुख्य अभियंते बेजंकीवार होते. एरवी उन्हाबद्दल चार वाक्यं बोलल्याशिवाय हा माणूस मुद्द्यावर येत नसे. आज त्यांनी थेट सांगितलं.

"धरणातलं उरलंसुरलं पाणी उद्यापासून फक्त पिण्यासाठी. आपल्या यंत्रांच्या कूलिंगला थेंबही मिळणार नाही. आठवड्याच्या आत सगळे पेशंट दुसरीकडे हलवायचे."

"सगळे? सर, हजारो आहेत."

"जागा मिळवली आहे. निम्मे इगतपुरीला, निम्मे हैदराबादला. दाटीवाटीनं मावतील." मग त्यांचा आवाज उतरला. "जोडप्यांचं मात्र कठीण आहे. दोघांना एकत्र ठेवता येईल अशी जागा कुठंच शिल्लक नाही. कप्पा कोणाकडे द्यायचा, ते तुम्हालाच तिथं बसून ठरवावं लागेल."

सानिकानं डब्याला झाकण लावलं. तिचे आईबाबा त्या जोडप्यांपैकीच होते.

चंद्रपूरच्या उन्हाची लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सवय. पण मागच्या काही वर्षांत ऊन सवयीच्या पलीकडे गेलं होतं. उष्माघातातून वाचलेल्या वयस्कर माणसांमध्ये डॉक्टरांना एक वेगळंच नुकसान दिसायला लागलं. मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर, आठवणी गोळा करून त्यांची सांगड घालणारा एक बारकासा भाग असतो. ताप उतरायचा, माणूस उठून बसायचा, चहा मागायचा, आणि समोरची बायको कोण हे त्याला सांगता यायचं नाही. तो भाग आतून करपलेला असायचा.

त्यावर जो उपाय निघाला तो अर्धा वैद्यकाचा होता आणि अर्धा संगणकाचा. कानामागे कातडीखाली एक चपटी तबकडी, तिच्यातून मेंदूत गेलेल्या केसाहून बारीक तारा. करपलेल्या भागाचं काम मेंदूबाहेर, केंद्रातल्या यंत्रावर चालायचं. मेंदूकडे राहायच्या फक्त खुंट्या. प्रत्यक्ष आठवण टांगलेली असायची यंत्रात. खुंटी हलली की आठवण यायची, इतक्या पटकन की माणसाला ती आपल्याच डोक्यात असल्यासारखी वाटायची.

आता एकेका माणसासाठी एकेक यंत्र कोण देणार? एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं चालत. सानिका नव्या लोकांना समजावताना खाणीच्या कॉलनीतल्या क्वार्टरांचं उदाहरण द्यायची. इमारत एक, छप्पर एक, पण प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी. शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळत नाही.

नवरा-बायको दोघेही पेशंट असले की मात्र घोटाळा व्हायचा. लग्नात पाऊस होता असं त्याच्या यंत्रात, कडक ऊन होतं असं तिच्या. साध्या माणसांच्याही आठवणी जुळत नाहीत, पण ती बोलता बोलता जुळवून घेतात. ही माणसं गोंधळून जायची, एकमेकांना खोटं ठरवायची. म्हणून त्यांच्यासाठी सामाईक कप्पा केला गेला. दोन क्वार्टरांच्या मधल्या भिंतीत एकच कपाट, आणि त्याला दोन्हीकडून दार. दोघांनी मिळून जे जगलं ते त्या कपाटात एकदाच ठेवायचं. दोघांनाही ते वाचता येणार, दोघांनाही त्यात लिहिता येणार. एकाला एखादी गोष्ट ठामपणे वेगळी आठवली की ती तशी लिहिली जायची, आणि थोड्या वेळानं दुसऱ्यालाही तशीच आठवायची. जोडप्यांची भांडणं कमी झाली. तेव्हा सगळ्यांना हे वरदानच वाटलं होतं.

हे कपाट एका इमारतीतच चालायचं. भिंतीच्या एका बाजूचं घर इगतपुरीला आणि दुसरं हैदराबादला, तर मधलं कपाट कुठं राहणार? दोन प्रती काढायच्या म्हटलं तर तेवढी जागा नव्हती; एका जोडप्याला दोन कपाटं दिली की दुसऱ्या कुणाचं घरच रस्त्यावर. प्रणालीनं यावर आपल्या परीनं उत्तर आधीच काढून ठेवलं होतं. प्रत्येक जोडीत एक जण 'मुख्य', दुसरा 'जोड'. बिऱ्हाड हलताना कपाट मुख्याबरोबर जाणार. जोडाचं दार आधी भिंतीनं बुजवायचं, मगच त्याला हलवता येणार; कपाटातल्या आठवणींवर टेकलेलं त्याच्या स्वतःच्या घरातलंही मग गळून जाणार. नंतर कधी जागा झाली तर परत द्यावं, तर तेही शक्य नव्हतं. रिकाम्या खुंट्या मेंदू फार दिवस ठेवत नाही.

आणि नोंदणीच्या वेळी कुणी वेगळं सांगितलं नसेल, तर मुख्य नवराच.

* * *

दिवाकर उरकुडे खाणीत डंपर चालवून निवृत्त झालेले. त्यांची बायको मंदा. दोघं अजून कॉलनीतल्या त्याच क्वार्टरमध्ये राहत. सानिका गेली तेव्हा कूलर घरघरत होता आणि आई कैऱ्या उकडून त्यांचा गर काढत बसली होती.

सानिकानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आईच्या हातातली कैरी तशीच राहिली.

"म्हंजे सारं यांच्याच नावावर?" आई म्हणाली. "घर यांच्या नावावर, राशन कार्ड यांच्या नावावर. आता माह्या डोस्क्यातलंबी यांच्याच नावावर?"

"बदलता येते ते, आई. दोघांनी हो म्हटलं की बदलते."

"तिले दे," बाबा लगेच म्हणाले. ते खाटेवर पाय सोडून बसले होते. "मले काय करायचं हाय? मी डंपर चालवला, तो माह्याजवळ राहते ना? तो तर माहा एकट्याचा व्हता."

"डंपर राहते, बाबा. पण लग्न नाही राहणार. आई कोण ते नाही समजणार तुम्हाले." ती थांबली. "मी अर्धी समजेन. तुमच्यासंगं एकटी होती तेवढी."

बाबा हसले. "मंग पुन्हा ओळख करू. तुही माय अजूनबी चांगली दिसते."

आई हसली नाही. "मी नाई म्हननार नाई, सानू. लोक म्हनतात बाईनं तुमीच ठेवा म्हनलं पायजे. मी नाई म्हनत. मले पायजे. त्याच्यात माहा सुयोग हाय."

सुयोग सानिकाचा मोठा भाऊ. ती लहान असताना तो गेला. कॉलनीच्या मागं बंद पडलेल्या खुल्या खाणीचा प्रचंड खड्डा होता, त्यात पाणी साचलेलं. एप्रिलात नळ कोरडे पडले की सगळी कॉलनी तिथून पाणी आणायची. त्या दिवशी बाबा ड्युटीवर होते, सानिका वरोऱ्याला मावशीकडे. आईनं बारा वर्षांच्या सुयोगला कॅन देऊन पाठवलं. कडेची माती ढासळली. माणसं जमेपर्यंत पाण्यावर नुसता कॅन तरंगत होता.

सानिकाचं सगळं बालपण त्या एका वाक्याच्या सावलीत गेलं: मीच धाडलं त्याले. आई स्वयंपाक करता करता थांबायची, चप्पल न घालता खड्ड्याकडे जाऊन उभी राहायची, आणि बाबा तिला हाताला धरून घरी आणायचे. कधी रागावून नाही, कधी समजावूनही नाही. नुसतं धरून आणायचे. उपचार सुरू झाल्यापासून मात्र आई बरीच सावरली होती. सकाळी डोळे सुजलेले असायचे, पण दुपारनंतर ती हसायची, शेजारणीकडे जायची. वय झालं, दुःख मुरलं, असं सानिकानं मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रणालीत बदल केला. मुख्य: मंदा दिवाकर उरकुडे. जोड: दिवाकर.

* * *

चालतं यंत्र हलवणं म्हणजे चूल पेटलेली असताना बिऱ्हाड हलवणं. यंत्र बंद करता येत नाही, कारण तेवढा वेळ माणूस कोराच राहील. म्हणून ते चालू असतानाच त्यातली स्मृतीची पानं एकेक करून पलीकडे उतरवून घेतात. उतरवता उतरवता माणूस काहीतरी आठवतो, त्यातली काही पानं बदलतात. या 'मळक्या' पानांची पुन्हा नक्कल करायची. दर फेरीला मळकी पानं कमी होत जातात. अगदी थोडी उरली की यंत्र पापणी लवण्याइतकं थांबवायचं, राहिलेली पानं ढकलायची, आणि पलीकडे सुरू करायचं. माणसाला फक्त एकदा जांभई आल्यासारखं वाटतं.

बहुतेक सगळे असेच गेले. सानिकाच्या आईचा कप्पा मात्र उतरेना. फेरीमागून फेरी झाली, बाकी सगळं पलीकडे पोचलं, पण पानांचा एक लहानसा पुंजका दर वेळी मळलेला सापडायचा. नक्कल होते न होते तोच बदललेला. तिनं कोण लिहितं ते पाहिलं, आणि ती पडद्यासमोरून उठलीच नाही.

मंदा. दिवाकर. मंदा. दिवाकर. सारखं आलटून पालटून, त्याच पानांवर. मागची नोंद काढली तर उपचार सुरू झाल्यापासून हेच चाललं होतं. सकाळी मंदाचं लिहिणं वरचढ, दुपारपर्यंत दिवाकरचं. पानं कोणत्या दिवसाची आहेत तेवढं प्रणाली सांगायची. आत काय आहे ते बघण्याची परवानगी कुणालाच नव्हती. तारीख सानिकाला पाठ होती: सुयोग गेला ती.

केंद्रातल्या डॉक्टर लीना रामटेके तिच्या खांद्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "एका जागेसाठी दोघं भांडतायत असं दिसतंय. असं कधी पाहिलं नाही मी. घरी जाऊन विचार ना."

ती घरी गेली तेव्हा आई शेजारी पापड वाळवायला मदत करत होती. बाबा एकटेच होते. सानिकानं पडद्यावर पाहिलेलं सांगितलं. बाबांनी आधी कूलरमध्ये पाणी टाकलं, मग खाटेवर बसले.

"हाव. मीच लिहितो."

"काय लिहिता?"

"त्या दिवशी मी ड्युटीवर नव्हतो. घरी व्हतो. मी त्याले म्हनलं, जा, पानी घेऊन ये. तुही माय नाई म्हनत व्हती. ऊन हाय म्हने. मी आयकलं नाई." त्यांनी हे इतकं सहज सांगितलं की सानिकाला क्षणभर तसंच घडलं असं वाटलं.

"पण बाबा, असं झालं नाही."

"मले मालूम हाय ना." ते तळव्यांकडे बघत राहिले. "सुरुवातीले मले समजत नव्हतं. एक दिवस ती लय रडून राहिली व्हती. मी बसल्या बसल्या इचार केला, मी घरी असतो तं? मीच धाडलं असतं तं? लय जोर लावून इचार केला, दरवाजा, कॅन, त्याची चप्पल, सारं डोळ्यापुढं आनलं. आन सांजच्याले ती मले म्हनते, जाऊ द्या, तुमाले तरी काय मालूम व्हतं? माह्या पाठीवर हात ठेवला तिनं. त्या दिवशी ती जेवली पोटभर. मंग मी रोजच लिहाले लागलो. सकाळी ती उठली का पुन्हा तिचं ते वर येते. मी पुन्हा लिहितो."

"इतकी वर्षं?"

"डंपर चालवला ना मी. एकच माती इकडून तिकडं." ते थोडं हसले आणि लगेच गंभीर झाले. "सानू, मी त्याच्यातून निंगालो का पुन्हा लिहाले कोन हाय? ती एकटी राहीन त्याच्यासंग. जलमभर. आता तं कोनी धरून आनाले बी नाई. म्हनून तुले मांगतो. थांबवशीन तवा माह्यं लिहून झाल्यावर थांबव."

"बाबा, आई तुमच्यावर डाव धरेल. तुम्हाला कारणही माहीत नसेल."

"अजून धरला नाई तिनं."

"कारण ते टिकलंच नाही कधी. सकाळ झाली की जातं. राग मुरायला वेळ लागतो."

"मुरू दे," बाबा म्हणाले. "मले कुठी याद राहनार हाय?"

* * *

पानं थांबवायची तर लिहिणारे दोघंही थांबवायला हवे होते. डॉक्टर रामटेकेंनी दोघांना केंद्रातच बोलावून घेतलं. हलकं गुंगीचं औषध द्यायचं, यंत्रांची गती हळूहळू कमी करत न्यायची, लिहिणं मंदावलं की मधल्या क्षणी कप्पा गोठवायचा. त्या क्षणी पानांवर जे असेल त्यालाच आईच्या खुंट्या नव्यानं बांधल्या जाणार, म्हणजे ते कायमचं. बाबांचं दार बुजवायचं, आईला कपाटासकट इगतपुरीला न्यायचं. बाबा हैदराबादला. शरीरं इथंच, शेजारशेजारच्या खाटांवर.

औषध द्यायच्या आधी आईनं सानिकाला जवळ बोलावलं. तिच्या अंगाला अजून पापडाच्या हिंगाचा वास येत होता.

"एक सांगतो तुले. पोराचं जसं झालं तसंच ठेव. मले वाटते दुपारच्या वक्ती काईतरी बदलते माह्या डोक्यात. यंत्राचं काय असन ते तुमचं तुमी पाहा. पन मी धाडलं, हे मले भोगाचं हाय. ते काढू नोको माह्याजवळून. त्याचा शेवटचा शब्द हाय त्याच्यात. माय, मी आलोच, म्हने. तो माह्याशी बोलला. दुसऱ्या कोनाशी नाई."

"बरं," सानिका म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरून बाबांनी हात लांब केला. आईनं तो धरला. "ओळखसान ना मले?" तिनं विचारलं.

"नाई ओळखलं तं पुन्हा पाहाले येईन वरोऱ्याले, तुह्या माहेरी," बाबा म्हणाले. "यावेळी पोहे जास्तीचे कर." आई रडता रडता हसली. औषध चढलं तसे दोघांचे हात सुटे झाले.

सानिका काचेपलीकडे पडद्यासमोर बसली. भर दुपार होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. गती कमी होत गेली तशी दोघांची आलटापालट लांबत गेली. मंदा. बराच वेळ शांत. दिवाकर. पुन्हा शांत. झोपेतसुद्धा दोघं एकमेकांच्या हातातून ते ओझं ओढून घेत होती.

मंदा आली. आता थांबवलं असतं तर आईनं सांगितलं ते झालं असतं. खरं जसंच्या तसं राहिलं असतं. सानिकाचं बोट बटणावर होतं. तिच्या डोळ्यापुढं तापलेल्या मातीवरून अनवाणी खड्ड्याकडे जाणारी आई आली. शाळेतून आल्यावर दार उघडं, गॅसवर काहीतरी करपलेलं, आणि घरात कुणी नाही, अशा किती दुपारी. आता हाताला धरून आणणारा माणूसच तिला ओळखणार नव्हता.

तिनं बटण दाबलं नाही.

दिवाकर. पानं भरली. डॉक्टर रामटेके तिच्याकडे बघत होत्या; त्यांना दोन नावांपलीकडे काही दिसत नव्हतं. सानिकानं कप्पा गोठवला.

* * *

बाबा आधी उठले. त्यांनी छताकडे पाहिलं, हात पाहिले, सानिकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "तू ती स्कूटरवरची ना? ट्यूशनले न्यायचो मी तुले. पावसात पडलो व्हतो आपन." मग जरा अवघडून, "तुह्यं नाव काय गं बेटा?"

तिनं नाव सांगितलं. तुम्ही माझे बाबा, हेही सांगितलं. त्यांनी ते मान हलवून ऐकलं, भला माणूस परक्या गावात पत्ता ऐकतो तसं. मग शेजारच्या खाटेकडे बघून आवाज खाली केला. "ह्या बाई कोन?"

"मंदाबाई. तुमची बायको."

बाबा एकदम लाजले. केसांवरून हात फिरवला. आईनं डोळे उघडले तेव्हा ते उठून बसले होते आणि त्यांनी दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला.

आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या नजरेत गेली चाळीस वर्षं होती, सगळी, एकही पान न गळलेली. आणि त्यात तो दिवसही होता. पहिल्यांदाच तो सकाळी उलटला नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं बाबांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. आठवड्यानं ती सानिकाला म्हणाली, "मी नाई म्हनत व्हती. ऊन हाय म्हनलं. तरी यांनी धाडलं माह्या लेकराले. इतके वर्षं मी कशी राहिली यांच्यासंगं?"

"आई, बाबा त्या दिवशी ड्युटीवर होते."

"तू व्हती का तिथी?" आईनं विचारलं. "मी व्हती. मी पाह्यलं. तो माह्याकडं पाहून गेला, एक शब्द बोलला नाई."

शेवटचा शब्दही गेला होता. बाबांच्या लिहिण्यात तो नव्हताच. त्यांनी रोज डोळ्यापुढं आणला तो दरवाजा, कॅन, चप्पल; शब्द नाही. सानिकाला हे त्या दिवशी सुचलं नव्हतं.

त्या वर्षी आई बरी झाली. हे मान्य करावंच लागेल. तिचे डोळे सुजेनासे झाले, अंग भरलं, ती भजनाला जायला लागली, एकदा मावशीबरोबर नागपूरला जाऊन आठ दिवस राहूनही आली. खड्ड्याकडे तिची पावलं कधी वळली नाहीत. फक्त बाबांनी समोर येऊ नये, एवढंच तिचं मागणं. ताट ती पलंगावर ठेवून निघून जायची. शेवटी सानिकानं बाबांना आपल्या क्वार्टरवर आणलं.

ते कुरकुरले नाहीत. सकाळी झाडांना पाणी घालायचे, संध्याकाळी खाणीच्या गोष्टी सांगायचे. अधूनमधून विचारायचे, "त्या बाईचं मी काय बिघडवलं गं? इतकी चांगली बाई. मले पाहून तिचं तोंड असं काहून होते?" सानिका म्हणायची, तुमचं काही चुकलं नाही. सुयोगबद्दल तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. मुलगा होता म्हटलं की तो कसा गेला ते सांगावं लागणार, आणि तिथून पुढं काय सांगायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता एप्रिल आला.

* * *

सुयोगच्या श्राद्धाला आईनं निरोप पाठवला: त्याले घेऊन ये. त्याले म्हणजे बाबांना.

सानिकाला वाटलं, राग ओसरला असेल. घरी मावशी होती, शेजारचे दोघंतिघं होते. भिंतीपाशी पाटावर सुयोगचा शाळेच्या गणवेशातला फोटो, हार घातलेला. बाबा दारातच थबकले आणि फोटोकडे बघत राहिले. आई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"त्याच्यापुढं हात जोडा. चुकलं म्हना. मी नाई म्हनत असताना तुमी धाडलं त्याले पान्याले. एकदा तोंडानं म्हना, मंग माह्या मनात काई ठेवनार नाई मी."

"आई, नको," सानिका पुढं झाली.

"तू मधात बोलू नोको."

बाबांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मावशीला खरं माहीत होतं, पण ती पदरानं डोळे पुसत खाली बघत राहिली; इतक्या वर्षांनी बहीण त्या ओझ्यातून सुटली होती. बाबा हळूच खाली बसले, फोटोपुढं डोकं टेकलं. "चुकलं असन माह्यं," ते म्हणाले. "माफ कर बेटा."

आईचा बांध फुटला. ती भिंतीला टेकून रडली, मावशीनं तिला धरलं. मग ती उठली, चेहरा धुतला, आणि स्वयंपाकघरात ताट वाढायला गेली. बाबांचं ताट, तिच्या हातानं.

बाबा अजून फोटोसमोरच होते. त्यांनी सानिकाला खुणेनं जवळ बोलावलं.

"ह्या पोराले मी ओळखतो," ते कुजबुजले. "एकदा माह्या डंपरवर बसला व्हता. 'हॉर्न वाजवू का, काका' नाई, 'हॉर्न वाजवू का, बाबा' म्हने. लय गोड पोरगा. कोनाचा गं हा?"

सानिका त्यांच्याशेजारी खाली बसली. मग तिनं सांगितलं. "तुमचा, बाबा. तुमचा आणि आईचा. सुयोग."

बाबांनी हार थोडा बाजूला करून तोंड नीट पाहिलं. कितीतरी वेळ.

"आन मी त्याले पान्याले धाडलं?"

"नाही!" तिनं त्यांचा दंड धरला. "बाबा, ऐका माझं. तुम्ही घरी नव्हताच. तुम्ही ड्युटीवर होता. हे आईला तसं आठवतं, कारण तुम्हीच..." ती अडखळली. आईच्या बांगड्यांचा आवाज आतून येत होता. "तुम्ही नाही धाडलं. मी शपथ घेऊन सांगते."

बाबांनी तिच्या हातावर थोपटलं. लहान मुलाची समजूत घालावी तसं.

"तू पोरगी हायस माही, म्हनून म्हनते," ते म्हणाले. "पन ती बाई खोटं बोलनारी नाई वाटत मले. तिच्या डोळ्यात दिसते ना. मीच धाडलं असन."

आई ताट घेऊन आली. तिनं त्यांच्यापुढं पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि जेवा म्हणाली. बाबा जेवायला बसले. पहिला घास त्यांनी उचलला, हातातच धरला, आणि पुन्हा ताटात ठेवून दिला.